कँब्रियनपूर्व गाळखडकांच्या नव्या फॉर्मेशनला नाव देताना: सीमा, टाइप सेक्शन आणि वय

प्रश्न: शैलपट

नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकाच्या पायावर बसलेल्या कँब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुन्या) गाळखडकांचा एक पट्टा १:५०,००० प्रमाणावर नव्याने नकाशात घेतला आहे. जुन्या नकाशात तो सगळा एकाच रंगात ‘अविभाजित वालुकाश्म व डोलोमाइट’ म्हणून दाखवलेला आहे. खालून वर क्रम असा:

तळाला नाइस. त्यावर ६ ते ९ मी. जाडीचा हिरवट-पांढरा, फेल्डस्पार हे खनिज असलेला ठिसूळ भाग. मग ४ मी. पिंडाश्म (गोटे जोडून झालेला खडक), साधारण १८० मी. गुलाबी वालुकाश्म, त्यावर ९० मी. डोलोमाइट (चुनखडकासारखा खडक; यात स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या रचना, भरपूर आहेत) आणि सगळ्यात वर काळसर शेल (चिखलाचा पातळ थरांचा खडक), ज्याचा माथा कुठेच उघडा नाही. वालुकाश्मात मध्येच २५ मी. जाडीचा डोलेराइटचा (मॅग्मा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा) थर आहे. डिप (थरांचा कल) सगळीकडे २०° च्या आसपास.

हे एक फॉर्मेशन (नकाशावर दाखवता येणारं, नाव दिलेलं खडकांचं एकक) धरायचं की तीन? ‘स्ट्रोमॅटोलाइट डोलोमाइट फॉर्मेशन’ असं नाव चालेल का? वय सांगणारे जीवाश्म नाहीत आणि समस्थानिकांवरून काढलेलं वयही अजून नाही, तरी नवं नाव मान्य होतं का? आणि वर्णनात नेमकं काय काय हवं?

प्रतिसाद १: तळखडक

फॉर्मेशनच्या कसोट्या दोनच. खडकाच्या गुणांवरून ते वरच्या-खालच्या थरांपासून वेगळं ओळखता आलं पाहिजे, आणि त्या प्रदेशात नेहमी वापरतात त्या प्रमाणाच्या नकाशावर ते काढता आलं पाहिजे. जाडीची अट नाही. एक मीटरपेक्षा कमी जाडीची फॉर्मेशन्स आहेत आणि काही हजार मीटरचीही आहेत.

तुमच्या आकड्यांवर हे तपासून बघा. ९० मी. डोलोमाइट २०° डिपने सपाट जमिनीवर आला तर पट्ट्याची रुंदी ९० भागिले साइन २०°, म्हणजे साधारण २६३ मी. तुमच्या नकाशावर तो ५ मिलिमीटरहून थोडा जास्त दिसेल. म्हणजे स्वतंत्र फॉर्मेशन होऊ शकतं. ४ मी. पिंडाश्माची रुंदी मात्र १२ मी. भरेल, नकाशावर पाव मिलिमीटरही नाही. त्याला वालुकाश्माच्या फॉर्मेशनचा तळाचा मेंबर (फॉर्मेशनचा उपविभाग) करा, किंवा नुसतं वर्णनात घ्या. वालुकाश्म आणि डोलोमाइट यांची दोन फॉर्मेशन्स मला योग्य वाटतात. शेलबद्दल खाली इतर लिहितीलच.

खरी अडचण तळाशी आहे. तो ६ ते ९ मीटरचा हिरवट भाग गाळ आहे की नाइसचीच जुनी, कुजलेली माती? दोन्ही हातात घेतल्यावर अर्कोजसारखेच (फेल्डस्पार भरपूर असलेल्या वालुकाश्मासारखेच) दिसतात, आणि इथे चूक झाली तर फॉर्मेशनचा तळ नऊ मीटर खाली सरकतो. क्वार्ट्झच्या शिरा शोधा. नाइसमधली शीर न तुटता त्या हिरवट भागात वर चढत असेल तर तो भाग जागच्या जागी कुजलेला आहे, वाहून आलेला नाही. नाइसचे पट्टे वर जाताना हळूहळू पुसट होतात का, फेल्डस्पारचं सेरिसाइट (बारीक अभ्रक) होण्याचं प्रमाण वर वर वाढतं का, हे पातळ काचांवर (सूक्ष्मदर्शकासाठी घासून पातळ केलेल्या खडकाच्या चकत्यांवर) बघा. गाळ असेल तर थर दिसतील, गोलसर कण दिसतील आणि खालच्या नाइसशी सीमा बऱ्यापैकी धारदार असेल. जुनी माती निघाली तर ती पायाच्या खडकातच राहते आणि तुमच्या फॉर्मेशनचा तळ पिंडाश्माच्या बुडाशी येतो. पिंडाश्म वरच्या फॉर्मेशनचाच, कारण तो विसंगतीनंतर (क्रमात पडलेल्या काळाच्या खंडानंतर) साचला. त्यातले गोटे नाइसचे आहेत हे त्याला खाली ढकलण्याचं कारण होत नाही.

दुसरं, मोठी विसंगती फॉर्मेशनच्या पोटात ठेवू नका. उत्तर कर्नाटकातल्या कलादगी सुपरग्रुपमध्ये (फॉर्मेशन्स मिळून ग्रुप, ग्रुप मिळून सुपरग्रुप) बागलकोट ग्रुपच्या खडकांना घड्या पडलेल्या आहेत आणि वरचा बदामी ग्रुप जवळजवळ आडवा आहे. मधली कोनीय विसंगती हीच दोन ग्रुपांची सीमा आहे. तुमच्याकडे सगळीकडे २०° म्हणजे कोन दिसणार नाही, त्यामुळे समांतर विसंगती निसटण्याचा धोका मोठा. जीवाश्म नसल्याने काळातली फट दाखवणारं दुसरं काही हाताशी नसतं. डोलोमाइटच्या माथ्यावर विरघळून झालेले खळगे, चर्टचे (गारगोटीसारख्या खडकाचे) तुटके तुकडे, लोहाचा पापुद्रा, आणि शेलच्या बुडाशी डोलोमाइटचे गोटे आहेत का, एवढं तरी पट्ट्याच्या दोन-तीन ठिकाणी बघाच.

डोलेराइटच्या दोन्ही बाजूंचा वालुकाश्म भाजलेला असेल तर ते सिल (थरांच्या मधे नंतर घुसून थिजलेला मॅग्मा) आहे, फक्त खालची बाजू भाजलेली असेल तर लाव्हा. सिल असेल तर त्याचे २५ मी. फॉर्मेशनच्या जाडीत धरायचे नाहीत. लाव्हा असेल तर तो क्रमाचाच भाग, मग धरायचे. वयाच्या दृष्टीनेही हा फरक फार मोलाचा आहे.

एक गोष्ट गृहीत धरली आहे की रूपांतरण (उष्णता-दाबाने खडकात झालेला बदल) कमी आहे आणि थरांचा मूळ क्रम टिकून आहे. थर ओळखू येत नसतील, खालचं-वरचं ठरत नसेल, तर फॉर्मेशन-ग्रुप ही चौकटच लागू होत नाही. तिथे उत्तर अमेरिकेच्या संहितेत लिथोडीम, सूट आणि कॉम्प्लेक्स अशी वेगळी एककं दिलेली आहेत. कँब्रियनपूर्व प्रदेशात हे आधी तपासलेलं बरं.

प्रतिसाद २: नामपत्र

नावाबद्दल. ‘स्ट्रोमॅटोलाइट डोलोमाइट फॉर्मेशन’ चालणार नाही. औपचारिक नावात भौगोलिक नाव हवे आणि त्याला जोडून एक तर खडकाचे नाव किंवा श्रेणी (फॉर्मेशन, मेंबर वगैरे). ‘अमुक डोलोमाइट’ किंवा ‘अमुक फॉर्मेशन’. खडकाचे नाव तेव्हाच लावा जेव्हा तो खडक एककात सगळीकडे प्रधान असतो. तुमचा डोलोमाइट पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला निम्मा शेल होत असेल तर ‘फॉर्मेशन’ हाच शब्द सुरक्षित.

भौगोलिक नाव टाइप सेक्शनच्या (एककाचा नमुना म्हणून ठरवलेल्या, थर मोजलेल्या छेदाच्या) जवळचे, छापील नकाशावर असलेले आणि टिकाऊ गोष्टीचे घ्यावे: नदी, डोंगर, गाव. शेताच्या मालकाचे, दुकानाचे, खाणीच्या कंपनीचे नाव घेऊ नये. नकाशावर जसे लिहिले आहे तसेच घ्यावे आणि पुढे गावाचे लेखन बदलले तरी फॉर्मेशनचे बदलू नये. ग्रुपला जे गावाचे नाव दिले तेच त्याच्या आतल्या फॉर्मेशनला देऊ नये. ‘वरचा’, ‘मधला’, ‘खालचा’ हे शब्द औपचारिक नावांत टाळावेत. वर आणखी एक एकक सापडले की ‘वरचा’ मधे जातो आणि साहित्यात कायमचा गोंधळ होतो.

ते नाव आधी कुणी वापरले आहे का हे पाहणे अनिवार्य आहे. ऑस्ट्रेलियाचा स्ट्रॅटिग्राफिक युनिट्स डेटाबेस, अमेरिकेचा जिओलेक्स, ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा लेक्सिकन असे शोधता येणारे संग्रह आहेत. ज्या देशात एकक आहे तिथली यादी आणि संहिता प्रथम. भारताची स्वतःची स्तरवैज्ञानिक नामावलीची संहिता १९७१ पासून आहे. आणि जुने नाव त्याच खडकांना आधीच दिलेले सापडले, तर नवे नाव देण्याऐवजी जुन्याची व्याख्या नीट करून तेच वापरा. व्याख्या ढिसाळ होती एवढ्यावरून जुने नाव रद्द होत नाही.

आता ज्या गोष्टीत लोक सर्वात जास्त फसतात ती. नावात खडक कसा तयार झाला याबद्दलचे मत किंवा त्याचे वय कधीही घालू नका. ‘टिलाइट’ म्हटले की हिमनदीने आणलेला असे ठरवून टाकले. ‘डायमिक्टाइट’ म्हटले तर फक्त एवढेच सांगितले की चिखलात-वाळूत लहानमोठे गोटे मिसळलेले आहेत, आणि ते कुणीही जाऊन पाहू शकतो.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्टोअर ग्रुपमध्ये स्टॅक फाडा मेंबर आहे. कित्येक वर्षे तो ज्वालामुखीशी संबंधित चिखलाचा प्रवाह मानला जाई. २००८ मध्ये त्यात आघाताने बदललेले क्वार्ट्झ दाखवून तो उल्कापाताने फेकलेला मलबा आहे असे मांडले गेले. वय आधी सुमारे ११७.७ कोटी वर्षे आले होते, २०२५ मध्ये झिर्कॉन या खनिजाच्या कणांवरून ते सुमारे ९९ कोटी मांडले गेले. उत्पत्ती बदलली, वय जवळपास १९ कोटी वर्षांनी सरकले, आणि ‘स्टॅक फाडा मेंबर’ हे नाव जसेच्या तसे राहिले, कारण त्यात जागा आणि श्रेणी यांखेरीज काहीच नव्हते. नावात ‘ज्वालामुखीय’ असते तर एव्हाना ते फेकून द्यावे लागले असते.

आपल्या विंध्य खोऱ्यातही हेच झाले. चोरहाट वालुकाश्मातल्या खुणा प्राण्यांच्या सरपटण्याच्या आहेत असा दावा १९९८ मध्ये झाला. त्याच वर्षी रोहतास चुनखडकातून कँब्रियन काळातल्यासारखे सूक्ष्म कवचयुक्त जीवाश्म सांगितले गेले. २००२ मध्ये मात्र सेमरी ग्रुपमधल्या (चोरहाट आणि रोहतास दोन्ही याच ग्रुपात येतात) ज्वालामुखी राखेच्या थरांतल्या झिर्कॉनचे वय सुमारे १६३ कोटी वर्षे निघाले. वाद कितीही झाला तरी चोरहाट वालुकाश्म हे एकक हलले नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: वय नसले तरी नाव मान्य होते. फॉर्मेशनची व्याख्या खडकावरून होते, वयावरून नाही.

प्रतिसाद ३: जाडीमापक

मोजणी आणि वर्णन यांबद्दल लिहितो, कारण नाव छान आणि छेद कच्चा असं फार दिसतं.

जेकब स्टाफ (१.५ मी. लांबीची काठी, वर क्लिनोमीटर म्हणजे कोन मोजायचं साधन) असेल तर तीच वापरा. क्लिनोमीटर डिपच्या कोनावर ठेवला की एका टप्प्यात १.५ मी. खरी जाडी मिळते. टेपने मोजत असाल तर स्ट्राइकला (कललेल्या थरावरच्या आडव्या रेषेला) काटकोनात चाला. उतार डिपच्या उलट दिशेला असेल तर जाडी = टेपची लांबी × साइन (डिप + उतार), एकाच दिशेला असेल तर वजाबाकी. ४० मी. टेप, डिप २०°, उतार १०° असेल तर उलट दिशेला २० मी. येतात आणि त्याच दिशेला अवघे ६.९ मी. म्हणजे नोंदवहीत उताराची दिशा लिहायची राहिली तर आकडा जवळजवळ तिप्पट चुकू शकतो. स्ट्राइकशी ९०° ऐवजी ६०° कोन करून सपाट जमिनीवर चाललात तर साइन ६०° ने गुणा. नाही गुणलं तर जाडी सुमारे १५ टक्के फुगते.

झाकलेला भाग ‘झाकलेला’ म्हणूनच मीटरसकट लिहा. वर-खाली वालुकाश्म आहे म्हणून मधेही वालुकाश्मच, असं भरून टाकू नका. मऊ शेल नेमका अशाच खळग्यांत लपतो. विभंगामुळे (खडक तुटून सरकल्यामुळे) तोच थर दोनदा मोजला जाण्याचा धोका १८० मी. एकसारख्या वालुकाश्मात मोठा आहे. एखादा खुणेचा थर (गोट्यांची रांग, लाल शेलची पट्टी) धरून पट्टाभर चालत जा. क्रम उलटा नाही ना हेही दाखवा: क्रॉस-बेडिंगचे (थरातल्या तिरक्या पापुद्र्यांचे) वरचे टोक कापलेले, चिखलाच्या भेगा खाली निमुळत्या, स्ट्रोमॅटोलाइटचा फुगवटा वरच्या बाजूला.

वर्णनात रंग ताज्या आणि झिजलेल्या अशा दोन्ही पृष्ठभागांचा, मन्सेल रंगतक्त्यावरून द्या. ‘गुलाबी’ प्रत्येकाचा वेगळा असतो. कणांचा आकार मिलिमीटरमध्ये: मध्यम वाळू ०.२५ ते ०.५, भरड ०.५ ते १. थरांची जाडीही ठरलेल्या शब्दांत: १ सें.मी.खाली लॅमिना, ३ ते १० पातळ, १० ते ३० मध्यम, ३० ते १०० जाड. पातळ काचेवर किमान ३०० कण मोजा. क्वार्ट्झ ९५ टक्क्यांच्या वर आणि मॅट्रिक्स (कणांमधला बारीक गाळ) १५ टक्क्यांच्या आत असेल तरच क्वार्ट्झ अरेनाइट म्हणा. आणि सिलिकाने घट्ट सिमेंट झालेल्या वालुकाश्माला ‘क्वार्ट्झाइट’ लिहायची जुनी सवय आहे, ती नव्या एककात नको. काचेवर मूळ कणांच्या गोल कडा सिमेंटखाली दिसत असतील तर तो वालुकाश्मच आहे.

स्ट्रोमॅटोलाइटसाठी ‘भरपूर’ पुरणार नाही. स्तंभ, घुमट की सपाट चटई? उंची-रुंदी किती, फांद्या फुटतात का, फुटल्या तर समांतर की पसरत? लॅमिना शंकूसारख्या टोकदार की गोल? स्तंभांत अंतर किती, आणि त्या जागेत काय भरलं आहे? एकाच कापावरून फांद्या कळत नाहीत. एक ठोकळा ३ ते ५ मि.मी. अंतराने कापून, प्रत्येक कापाचं रेखाटन करून आकार पुन्हा जुळवावा लागतो. आकारावरून वय मात्र सांगू नका. पाण्याची खोली आणि प्रवाह बदलला की आकार बदलतो. खुणेचा थर म्हणून त्यांचा उपयोग उत्तम.

साचण्याचं वातावरण (भरती-ओहोटीचा किनारा, नदी वगैरे) वेगळ्या परिच्छेदात लिहा. व्याख्येच्या परिच्छेदात त्यातलं एक वाक्यही शिरू देऊ नका.

उपप्रश्न: शैलपट

सर्वांचे मनापासून आभार. शिरा तपासल्या: दोन ठिकाणी नाइसमधली शीर हिरवट भागात चढते आणि पिंडाश्माच्या बुडाशी कापली जाते. डोलेराइटच्या दोन्ही बाजू भाजलेल्या आहेत. आता दोनच शंका. वालुकाश्मातल्या झिर्कॉनचं वय काढलं तर फॉर्मेशनचं वय मिळेल का? आणि माथा न दिसणाऱ्या शेलचं काय करू?

प्रतिसाद ४: झिर्कॉन

तुमच्या निरीक्षणावरून तळ पिंडाश्माच्या बुडाशी पक्का झाला. कापलेली शीर हा विसंगतीचा उत्तम पुरावा आहे, तिचा मोजपट्टीसह फोटो लेखात हवाच.

वाळूतल्या झिर्कॉनवरून साचण्याचं वय मिळत नाही, फक्त कमाल मर्यादा मिळते: गाळ सर्वात तरुण कणापेक्षा जुना असू शकत नाही. जुन्या स्थिर भूखंडावरच्या खोऱ्यांत आसपास ज्वालामुखी नसल्याने ही मर्यादा खऱ्या वयापेक्षा कित्येक कोटी वर्षे जुनी असू शकते. किमान ११७ कण मोजा. एकूण कणांत ५ टक्के किंवा जास्त वाटा असलेला कोणताही वयोगट सुटला नाही, असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला एवढे लागतात. एकट्या सर्वात तरुण कणावर काही बांधू नका, कारण शिसं निसटलेला कण खोटा तरुण दिसतो. त्रुटीच्या मर्यादेत एकमेकांशी जुळणाऱ्या किमान तीन कणांचा गट घ्या, १० टक्क्यांहून जास्त विसंवादी कण (ज्यांची युरेनियमच्या दोन समस्थानिकांवरून काढलेली वयं जुळत नाहीत असे) गाळा. एवढ्या जुन्या कणांसाठी शिसे-२०७ आणि शिसे-२०६ यांचं गुणोत्तर वापरणं बरं.

किमान मर्यादा तुमच्या हातात आहे. डोलेराइट दोन्ही बाजूंनी भाजवतं म्हणजे सिल, म्हणजे वालुकाश्म त्याच्याआधीचा. त्यातल्या भरड भागातून बॅडेलाइट हे खनिज वेगळं करून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढा. झिर्कॉन घेतलात तर मॅग्माने वाटेत उचललेले जुने कण हाती लागू शकतात. विंध्य खोऱ्यात मझगवाँच्या हिरेयुक्त नळीने हेच काम केलं: ती कैमूर वालुकाश्मात घुसलेली आहे आणि तिचं वय सुमारे १०७ कोटी वर्षे आहे, तेव्हा कैमूर त्याआधीचा. लक्षात घ्या, सिल वालुकाश्मात आहे, त्यामुळे डोलोमाइट आणि शेलला ही मर्यादा आपोआप लागत नाही. ते सिलनंतरही साचलेले असू शकतात. सिलमधून निघालेला एखादा डाइक (थरांना कापत गेलेली मॅग्माची भिंत) डोलोमाइटला कापत वर जातो का, ते शोधा.

थेट साचण्याचं वय हवं असेल तर दोन जागा बघा. डोलोमाइटमध्ये हिरवट, मऊ, २ ते ५ सें.मी. चिकणमातीच्या पट्ट्या असतील तर त्या ज्वालामुखीची राख असू शकतात. झिर्कॉन टोकदार, न झिजलेले आणि सगळे एकाच वयाचे निघाले तर याहून चांगलं काही नाही. दुसरी जागा काळा शेल, रेनियम-ऑस्मियम पद्धत. पण काळा रंग म्हणजे सेंद्रिय कार्बन नव्हे, आधी तो मोजा. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर खर्च करू नका. नमुने बोअरच्या गाभ्यातले घ्या, कारण पृष्ठभागावरच्या झिजलेल्या शेलमध्ये रेनियम टिकत नाही.

प्रतिसाद ५: तळखडक

शेलला आत्ता औपचारिक नाव देऊ नका. टाइप सेक्शनमध्ये तळ आणि माथा दोन्ही दाखवता आले पाहिजेत. एका जागी दिसत नसतील तर दोन छेद जोडून संयुक्त टाइप सेक्शन चालतो, पण दोन्हींत सापडणारा एक खुणेचा थर लागतो. तुमच्याकडे माथा कुठेच नाही. बोअरचा गाभा मिळाला आणि तो एखाद्या संग्रहात कायम ठेवला तर त्यातला छेदही टाइप सेक्शन होऊ शकतो. तोवर नकाशात ‘काळे शेल एकक’ एवढं अनौपचारिक नाव ठेवा. डोलोमाइटचा माथा म्हणजेच या शेलचा तळ, तेव्हा ती सीमा आत्ताच नीट व्याख्यित करा: धारदार आहे की काही मीटरांत दोन्ही खडक आलटून-पालटून येतात? आलटून-पालटून येत असतील तर ‘डोलोमाइटचा शेवटचा ३० सें.मी.हून जाड थर’ अशी हाताने दाखवता येणारी रेघ ठरवा.

ही सीमा पट्टाभर एकाच काळाची आहे असं मात्र लिहू नका. किनारा सरकत गेला की सीमाही काळात सरकते. काळाची सीमा वेगळी ठरवावी लागते. एडियाकरन कालखंडाचा तळ २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स रेंजेसमध्ये न्यूकलीना फॉर्मेशनच्या बुडाशी एका विशिष्ट बिंदूवर ठरला. तो बिंदू काळाचा आहे. फॉर्मेशनचा तळ इतर ठिकाणी कुठे आहे ते खडक बघूनच ठरतं.

प्रकाशनाचं: नवं नाव मान्यताप्राप्त वैज्ञानिक प्रकाशनात यायला हवं. प्रबंध, परिषदेचा सारांश, अंतर्गत अहवाल, सहलीची पुस्तिका यांत छापलं तर ते औपचारिक होत नाही. लेखात ‘हे नवं एकक प्रस्तावित करत आहोत’ असं स्पष्ट वाक्य हवं. टाइप सेक्शनच्या तळाचे आणि माथ्याचे अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत द्या, सोबत डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांशांची आधारपद्धत (डब्ल्यूजीएस ८४), लिहा. तिथवर पोचायची वाटही लिहा. चालू खाणीची भिंत टाइप सेक्शन म्हणून घेऊ नका, ती पुढच्या स्फोटात जाते. नदीचा काठ घेत असाल तर वरच्या अंगाला धरणाचा प्रस्ताव नाही ना आणि खालच्या धरणाचं पाणी तिथवर चढत नाही ना, हे विचारून घ्या. शक्य असेल तर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक संदर्भ छेदही मोजून ठेवा. तिकडे वालुकाश्म १८० मीटरचा ६० झाला असेल, तर तेही फॉर्मेशनच्या वर्णनातच यायला हवं.